मला समुद्रात का बुडवलं

मी एक जुनं तेलइंजिन आहे आणि मी भयंकर चिडलेलो आहे. नॉर्वेच्या एका खाडीच्या तळाशी, चिखलात, गळ्यात साखळी अडकवून मला टाकलंय. आता मी म्हणे बोट बांधायचा धोंडा!

मित्रांनो, धोंड्याने कधी मासेमारीची बोट चालवली आहे का? मी चालवली. वाफेची इंजिनं माझी थोरली भावंडं. त्यांचा जाळ बाहेर, पाण्याच्या टाकीखाली पेटायचा. पाणी उकळून वाफ व्हायची आणि ती दट्ट्याला ढकलायची. माझा जाळ माझ्या पोटातच. माझ्या डोक्यावरचा पोकळ लोखंडी गोळा आधी बत्तीच्या ज्योतीने लाल करायचा. त्यात तेलाचा फवारा गेला की भडका उडायचा, आतली हवा तापून फुगायची, दट्ट्याला रेटायची आणि माझं जड चाक गरागरा फिरायचं. चाक फिरलं की बोट चालायची.

माझा मालक इंग्वाल्ड. माझा ठोका खाडीच्या तोंडाशी ऐकू आला की त्याची बायको बोर्गहिल्ड बटाटे उकडायला ठेवायची. गावात इंजिनं पुष्कळ, पण माझा ठोका ती घरात बसूनही ओळखायची. तेव्हा इंग्वाल्ड माझं पितळ घासूनपुसून लख्ख ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा.

माझी एक खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. सुरू करताना चाकाला हाताने जोरदार झोका द्यावा लागतो. झोका अर्धवट पडला, तर भडका दट्ट्याला मागे फेकतो आणि मी उलटा फिरू लागतो. म्हणून आधी चाकाकडे बघायचं, मगच बोटीला ढकलणारा पाण्यातला पंखा जोडायचा. एवढं साधं काम!

त्या सकाळी इंग्वाल्डच्या एका हातात कॉफीचा कप होता. दुसऱ्या हाताने त्याने कसाबसा झोका दिला आणि शेजारच्या बोटीवरच्या माणसाची थट्टा करत पंखा जोडला. बोट झपकन मागे गेली. मागे, धक्क्याच्या खांबाशी, त्याचा मेहुणा ओड्वार दोर सोडत होता. त्याचा उजवा हात चेचला गेला, तो कायमचाच.

इंजिनाने दगा दिला, असं इंग्वाल्डने गावभर सांगितलं. मला बोलता येत नाही, हे त्याच्या पथ्यावरच पडलं. नवं इंजिन आलं आणि मला धक्क्याच्या कडेला आणलं. लोटणार, तेवढ्यात ओड्वार पुढे झाला.

"दाजी, तुम्ही चाकाकडे बघितलं होतं का?"

"अरे, इंजिनच खुळं, त्याच्याकडे काय बघायचं?" इंग्वाल्ड हसून म्हणाला.

बोर्गहिल्डने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मग त्यांनी मला ढकललं.

नव्या इंजिनाला बोट पुढे-मागे नेणारा दांडा आहे. इंग्वाल्ड त्याच्याकडेही बघत नाही. मला इथे खाली सगळं ऐकू येतं. त्याची थट्टामस्करी चालू असते आणि ओड्वार उरलेल्या हाताने त्याच खांबाशी दोर सोडत असतो. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मित्रांनो, यंत्राला शिव्या देणारा कुणी भेटला, तर त्याला ओड्वारचाच प्रश्न विचारा. आणि सरळ उत्तर मिळेपर्यंत त्याच्या बोटीत पाय ठेवू नका.