तेवीस नंबरची सायकल

मडगार्डवर पांढऱ्या रंगात लिहिलेला आकडा: २३.

काल्हेरच्या गोदामात लहानू पोती मोजतो. मोजताना तो कुणाशी बोलत नाही.

शिंप्याच्या दुकानातली ट्यूबलाईट चालू होती. हे लक्षात ठेवायचं.

वरच्या खोलीत आठवा महिना.

"आपल्या गावाला इतिहास न्हाय का, बाई?"

सहा न्यायच्या, सहा आणायच्या.

*

यातलं शेवटचं वाक्य कौसल्याबाईंचं. शनिवारपासून ते त्यांच्या डोक्यात लूमच्या धोट्यासारखं इकडून तिकडे, तिकडून इकडे चाललं होतं.

कौसल्याबाई नारपोलीच्या शाळेत नववीला इतिहास शिकवायच्या. पुस्तकात पानिपत होतं, पॅरिस होतं, भिवंडीवर एक ओळ नव्हती. दिवाळीनंतर एकदा बकुळाने वर्गात उभं राहून तो प्रश्न विचारला आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. नाक्यावरच्या सायकलवाल्या मुनीरकडे गेल्या. मुनीरचा आजा गलबतावर तांडेल होता. जुन्या गावातला दगड न् दगड मुनीरला माहीत होता, आणि ऐकणारं कुणी भेटलं की तो पंक्चर अर्धवट टाकून सांगत बसायचा.

"मुलींना गाव दाखवाल?" बाईंनी विचारलं.

"दाखवतो. पायी नको, मुली कंटाळतात. सायकली माझ्या."

हेडसरांना हे मुळीच पसंत नव्हतं. "नारपोलीच्या मुली घेऊन तिकडच्या मोहल्ल्यांत? चार वर्षं तरी होऊ द्या त्या दंगलीला."

"मेमध्ये होतील, सर."

"मग जूनमध्ये जा."

शेवटी त्यांनी बाईंकडून कागदावर लिहून घेतलं: संपूर्ण जबाबदारी माझी. पाच मुलींच्या आईबापांनी चिठ्ठीवर सह्या केल्या. बकुळाच्या बापाने, लहानूने, अंगठा उठवला आणि अंगठ्याची शाई विजारीला पुसत म्हणाला, "परत आणा म्हंजे झालं. कायबी झालं तर सोमवारपासून ती कांड्या भराय बसंल. तिची आई तेच म्हणते हाय, दोऱ्याच्या कांड्या भर, शाळा कशाला."

लहानू गंमत करत नव्हता. बकुळाच्या दोन्ही बहिणी तशाच बसल्या होत्या.

एक गोष्ट बाईंनी कुणालाच सांगितली नव्हती. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यानंतर त्यांनी स्वतः त्या मोहल्ल्यांत पाऊल ठेवलं नव्हतं.

*

जानेवारी, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. रविवार, सकाळचे आठ.

मुनीरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. दुकानासमोर सायकली ओळीने लावल्या होत्या. त्याच्याकडे एकूण नऊ होत्या, त्यातली एक बिनदांड्याची. ती त्याने पुसून बाईंपुढे आणली.

"तुमची, बाई."

मंदा नावाची मुलगी फार चौकस. "मुनीरचाचा, सायकली नऊ आणि हिचा नंबर तेवीस कसा?"

"मला मोजायला येत नाही, बेटा."

मुली खिदळल्या. बाई साडीचा पदर खोचत राहिल्या.

बकुळाला सीटवर बसता येत नव्हतं. ती दांड्याखालून पाय घालून कैची मारायची, एका बाजूला कलून, तरी सगळ्यांच्या पुढे. मुनीर सांगत होता तिकडे बाई बघत होत्या, पण बघता बघता मोजत होत्या.

वऱ्हाळा तलाव. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

नक्षीच्या खांबांचं घर. "हे लाकूड समुद्रातून आलं," मुनीर म्हणाला. "माझा आजा सांगायचा, खांब उतरवताना एक पाण्यात पडला. तो अजून तिथंच आहे. म्हणून त्या घराला एक कोपरा खांबाशिवाय." एक दोन तीन चार पाच सहा.

कामवारीच्या काठी मोडका धक्का. इथं गलबतं लागायची. आता चिखल, आणि चिखलात एक म्हैस. "हेच का ते गलबत?" मंदाने विचारलं. मुनीर हसून खाली बसला. सहा.

मग जुन्या वस्तीत शिरायच्या आधी त्याने सगळ्यांना थांबवलं. "आता डोळे मिटा. ऐका."

दोन्ही बाजूंच्या शेडांमधून खडखड, खटाखट, खडखड.

"डावीकडे ऐकू येतं ते नवं लूम, पळतंय. उजवीकडचं जुनं, लंगडतंय बघा, दर चौथ्या ठोक्याला. ते फखरुद्दीनमियांनी बसवलेलं. म्हातारा जॉबर आहे, लूम जोडणारा, या गल्लीतली अर्धी लूम त्याच्या हातची. भेटवतो तुम्हाला. हे गाव बघायचं नाही, ऐकायचं. आवाज चालू तर सगळं ठीक."

"आणि बंद झाला तर?" मंदा.

"शुक्रवारी सुट्टी असते," मुनीर म्हणाला आणि पॅडल मारलं.

आज रविवार होता.

*

आधी उजवीकडचं लंगडं लूम थांबलं.

बाईंना वाटलं, धागा तुटला असेल. मग त्याच्या अलीकडचं थांबलं. मग डावीकडचं. एकेक करून, गल्लीच्या टोकाकडून त्यांच्याकडे येत, कुणीतरी हात फिरवत यावं तसं. आणि मग काहीच नाही. कौसल्याबाईंना आपल्या सायकलीच्या चेनचा आवाज ऐकू आला. इतक्या वर्षांत भिवंडीत त्यांनी चेनचा आवाज ऐकला नव्हता.

नाही. एकदा ऐकला होता.

"लाईट गेली वाटतं," मंदा म्हणाली.

बाईंनाही तसंच वाटायला हवं होतं. त्यांनी तो आधार शोधला सुद्धा. शेजारी शिंप्याचं दुकान होतं. आत बघितलं.

ट्यूबलाईट चालू होती.

म्हणजे लूम हातांनी बंद केली होती. सगळ्यांनी. एकापाठोपाठ.

मुनीरची मान ताठ झाली होती. त्याच्या चेहऱ्यावरचं ते सगळं सांगणं कुठल्या कुठे गेलं होतं. "बाई, इथंच थांबा," तो हळू बोलला. "बकुळा, सायकल धर माझी." आणि तो पायीच, चालत नव्हे, धावत, वळणापलीकडे गेला.

शिंप्याने शटर अर्धं खाली ओढलं.

शटर, मग शांतता, मग पायांचे आवाज. हाच क्रम होता चौऱ्याऐंशीत. आणि पाय आलेच. वळणावर माणसं दिसली. खूप. पांढऱ्या टोप्या, भरभर चालणारी, तोंडातून शब्द नाही.

गेला तो. आपल्या माणसांत गेला. असा विचार कौसल्याबाईंच्या मनात आला. तो आला, हे इथं लिहायलाच हवं.

त्यांनी सायकल टाकली. ती पडली, हँडल दगडावर आपटलं. समोरचं एक दार उघडं होतं. "आत, आत चला," त्या मुलींना ढकलत होत्या, कुणाची वेणी हातात, कुणाची बाही. दार ओढलं. कडी घातली. परक्या घराची कडी, पण पहिल्या झटक्यात बसली.

आत एक बाई तांदूळ निवडत होती. तिचं नाव रुकय्या, हे नंतर कळलं. तिने सूप खाली ठेवलं, कडीकडे बघितलं, धापा टाकणाऱ्या मुलींकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"सुरू झाला काय गो?" तिने विचारलं.

बाईंना काहीच माहीत नव्हतं. पण ही इथली. हीच विचारते आहे म्हणजे झालंच. त्यांनी मान हलवली.

"या अल्ला." रुकय्या उठली. दोघींनी मिळून लोखंडी पलंग दाराला लावला. पलंगावर ट्रंक ठेवली. ट्रंकेवर रुकय्याने, का कोण जाणे, तांदळाचं सूप ठेवलं.

"वर सून आहे माझी, खदीजा," ती कुजबुजली. "आठवा लागला. मागच्या वेळी मी तिच्याएवढी धावू शकत होते. आता गुडघे गेले."

एकीला दुसरीच्या भीतीचा पुरावा मिळाला होता आणि दुसरीला पहिलीच्या. बाहेर काय आहे हे दोघींपैकी एकीनेही पाहिलं नव्हतं.

मग बाईंनी मोजलं.

एक. दोन. तीन. चार. पाच.

पुन्हा. मंदाच्या डोक्याला हात लावून सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार. पाच.

बकुळा, सायकल धर माझी.

*

इथं थोडा वेळ काहीच घडत नाही.

दाराबाहेरून पाय जात आहेत. पाच मुली भिंतीला पाठ लावून उभ्या आहेत. त्यांतली चंद्रा रडते आहे, पण आवाज न करता. ते कुणी शिकवलं नव्हतं. कौसल्याबाईंचा हात ट्रंकेवर आहे. ट्रंक हलकी आहे. हात जड आहे.

दार उघडलं तर या पाच, आणि वर एक, तिच्या पोटात एक. नाही उघडलं तर बकुळा. लहानू. कांड्या. नाही, कांड्या नव्हे. कांड्या भरायला तरी मुलगी परत जायला हवी.

संपूर्ण जबाबदारी माझी. सही.

"माझी एक बाहेर आहे," बाई म्हणाल्या.

"किती वर्षांची?"

"चौदा."

रुकय्याने वर जाणाऱ्या जिन्याकडे बघितलं. मग तिने सूप उचलून खाली ठेवलं, आणि पलंगाचं एक टोक धरलं.

"तू तिकडून धर. आवाज करू नको."

*

दार चार बोटं उघडलं.

गल्ली माणसांनी भरली होती. मधोमध, खांद्यांवरून खांद्यांवर जात, हिरव्या चादरीखाली जनाजा चालला होता. ओठ हलत होते, कलमा पुटपुटत होते, बाकी आवाज नव्हता. लूमवाले दारात हात बांधून उभे होते. शिंपी अर्ध्या शटरसमोर उभा होता. पुढच्या उजव्या दांडीखाली मुनीर होता, इस्त्रीच्या शर्टाचा खांदा चुरगळलेला.

आणि समोरच्या भिंतीला टेकून बकुळा. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. एका हातात मुनीरची सायकल, दुसऱ्या हातात स्वतःची, आणि दोन्हींमध्ये ती, खांबासारखी.

"मय्यत," रुकय्या मागून म्हणाली. आणि मग, "कुणाची गो?"

बकुळाने बाईंना बघितलं. जनाजा पुढे जाईपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, तुम्ही कुठं गेल्या? चाचा म्हणाले सायकल धर, म्हनून मी धरली. त्यो मशीन लावनारा म्हातारा वारला. सकाळीच. त्याची मयत जाईस्तोवर मशीन बंद ठेवतात. मला त्या शिंप्यानी सांगितलं."

"तू घाबरली नाहीस?"

"कशाला? आमच्यातबी मयत जाते तवा उभंच ऱ्हातात."

*

पलीकडे एक लूम सुरू झालं. मग दुसरं. लंगडं सगळ्यांत शेवटी.

मुनीर परत आला. त्याने रस्त्यात आडव्यातिडव्या पडलेल्या सहा सायकली पाहिल्या. रुकय्याच्या उंबऱ्यात अडकलेला पलंगाचा पाय पाहिला. पाच मुलींचे चेहरे पाहिले. तेवीस नंबरचं हँडल वाकडं झालं होतं. त्याने पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं, हँडल दोन्ही हातांनी पिळून सरळ केलं, एक डोळा मिटून बघितलं.

"मुनीरभाई," बाई म्हणाल्या, "मला वाटलं..."

"मलाही तेच वाटलं, बाई." तो चाक फिरवून बघत होता. "मी मय्यतीला नाही धावलो. काय पेटलंय ते बघायला धावलो. वळणावर जनाजा दिसला, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. फखरुद्दीनमियांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून तो धक्का दाखवला होता. त्यांची मय्यत बघून मला बरं वाटलं. तौबा."

रुकय्याने सगळ्यांना चहा दिला. सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "दुसऱ्याच्या घराची कडी लावायची पण एक रीत असते," ती म्हणाली, "पण बसली बरोबर. माझ्या मुलाला अजून जमत नाही." यावर पहिल्यांदा चंद्रा हसली.

*

एक वाजता नारपोलीच्या कोपऱ्यावर लहानू उभा होता. त्याने ओठ हलवून मोजलं, पोती मोजतो तसं.

"सहा," तो म्हणाला.

"सहा," बाई म्हणाल्या. पुढे गप्प राहता आलं असतं. बकुळा काही बोलणार नव्हती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "मध्ये थोडा वेळ पाच होत्या, लहानूभाऊ. मी हिला बाहेर विसरले. घाबरून."

लहानूने बकुळाकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग रिकाम्या रस्त्याकडे, जिथून त्या आल्या होत्या.

"आमच्या गोदामातबी व्हतंय असं," तो शेवटी म्हणाला. "मोजनी चुकली की पुन्हा मोजायची." आणि जाता जाता, मागे न बघता, "सोमवारी शाळा किती वाजता हाय?"

*

मे एकोणीसशे चौऱ्याऐंशीत मुनीरच्या दुकानात तेवीस सायकली होत्या. दंगलीत बावीस जळाल्या, आणि तेविसावी कौसल्याबाईंनी आदल्या संध्याकाळी भाड्याने नेली होती.