सहा तारा आणि एक करंगळी

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. रंग काळा, कडेला एक टवका उडालेला आणि स्वभाव भारी चौकस. मला माणसांच्या बोटांची उत्सुकता आहे. वाजवणाऱ्यांचे चेहरे मला दिसत नाहीत, कारण मी नेहमी त्यांच्या पोटाशी असते. मी माणूस ओळखते तो बोटांवरून.

कारखान्यात माझा लाकडी देह कापला, रंगवला आणि मानेवर धातूच्या बारीक पट्ट्या बसवल्या. त्यांना फ्रेट म्हणतात. कोणत्या फ्रेटपाशी तार दाबली की कोणता सूर निघतो, एवढेच माझे शास्त्र. माझा पहिला मालक ऋग्वेद. परभणीहून दिल्लीला स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेला. मुनिरका भागातल्या भाड्याच्या खोलीत त्याने मला हौसेने आणले, पण अभ्यासाची सवय काही सुटेना! मेटल या दणदणीत रॉक संगीतात लागणाऱ्या स्केलच्या, म्हणजे सुरांच्या ठरलेल्या रांगांच्या, त्याने वहीत नोट्स काढल्या. माझ्या मानेवर आकडे लिहिलेल्या पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्या चिकटवल्या. पाठांतर चोख झाले, वाजवणे मात्र राहूनच गेले. मग मी कपाटावर गेले. दोन वर्षे धूळ खाल्ली, तारा गंजल्या. मला फार वाईट वाटायचे. गावी परतताना त्याने मला सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नेले आणि ओळखीच्या प्रभावतीताईंच्या मुलीला, समताला, देऊन टाकले.

समताने नव्या तारा चढवल्या. तिची बोटे वाऱ्यासारखी पळायची. कॉलेजच्या मेटल बँडमध्ये तिला लीड गिटार हवी होती, म्हणजे गाण्याच्या मधोमध एकटीने सोलो वाजवायचा मान. पण बँडचा म्होरक्या निखिल ऐकून म्हणाला, "यार, तू स्केल सुना रही है, सोलो नहीं. अगले संडे फिर सुनूँगा. लास्ट चान्स."

समता हिरमुसून घरी आली आणि ऋग्वेदच्या चिठ्ठ्यांवर नजर ठेवून तेच पुन्हा वाजवू लागली. समोर प्रभावतीताई मेथी निवडत होत्या. त्या एका सरकारी कार्यालयात स्टेनो. साहेब सांगतील ते झरझर टिपायचे आणि टाइप करायचे, हे त्यांचे काम. निवडता निवडता त्या लेकीची बोटे निरखत होत्या.

"समता, तुझी करंगळी सुट्टीवर आहे का गं?"

"आई, तीन बोटांनी जमतंय ना! करंगळी वीक असते यार."

"वीक? टायपिंगमध्ये 'ए' तीच दाबते. तिला वगळलंस म्हणून तुझा अख्खा हात सरकतोय. आणि ही कागदं काढ आधी. आमचे टायपिंगचे सर हातांवर खोकं ठेवायचे, बघायचंच नाही!"

त्यांनी चिठ्ठ्या नखाने खरवडल्या. मला गुदगुल्या झाल्या. मग समताच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. भिंतीवरच्या घड्याळाची एक टिक, माझा एक सूर. एका फ्रेटला एक बोट. समता वैतागली, करंगळी थरथरली, घसरली. पण गुरुवारी ती बरोबर जागेवर पडली! एवढेसे बोट आणि केवढा ठाम सूर, याचे मलाच नवल वाटले.

शुक्रवारी समता पुन्हा सुसाट सुटली.

"अगं, श्वास कधी घेतेस?" ताई म्हणाल्या. "डिक्टेशन देताना साहेब थांबतात, म्हणून वाक्य कळतं. तुझा फुल स्टॉप कुठंय?"

समता थांबली. मग तिने एकच तार हळूहळू वर ओढली, सूर चढवत पुढच्या सुरापर्यंत नेला, तिथे थरथरवला आणि सोडून दिला.

"हां! आता कळलं. परत म्हण," ताई म्हणाल्या.

रविवारी समताने तसेच वाजवले, थांबत, सांगत. निखिलने विचारले, "ये कौन-से चॅनल से सीखा?"

"मम्मी से. स्टेनो हैं."

सगळे हसले. ती मात्र हसत नव्हती. निखिल म्हणाला, "लीड तेरी. आंटी को भी लेके आना."

घरी हे ऐकून ताई खूप हसल्या आणि मग आपल्या बोटांकडे पाहत राहिल्या. "आता साहेब कंप्यूटरशीच बोलतात, तोच लिहून घेतो. दोन वर्षं झाली, मला कुणी डिक्टेशन दिलं नाही. वाटायचं, ही बोटं आता मेथीपुरतीच."

समताने मला त्यांच्या मांडीवर ठेवले. "आई, करंगळी इथे ठेव. दाब."

त्यांनी दाबली. पहिल्याच वेळी सूर स्वच्छ निघाला, जरासुद्धा खरखर नाही. समताला त्यासाठी चार दिवस लागले होते.

म्हणून सांगते मित्रांनो, वाजवून झाले की आमच्या तारा कोरड्या फडक्याने पुसा, घामाने त्या गंजतात. आम्हाला कपाटावर टाकू नका. आणि तुमच्या घरात कुणाची बोटे रिकामी बसली असतील, तर ती एकदा आमच्यावर ठेवून पाहा. आम्ही लगेच ओळखतो.