नळीतलं पाणी

गवंड्यानं नळीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि तो शिंप्याच्या दारातून उठून शेजारच्या घराकडे निघाला. शेजारचं घर त्याच्या थोरल्या बहिणीचं होतं. मागे शिंप्याच्या भिंतीवर निळी रेघ अजून ओली होती, आणि गळ्यात टेप अडकवलेला शिंपी तिच्याकडे बघत उभा होता. रेघ उंबऱ्याच्या चांगली वीतभर वर गेली होती. म्हणजे शिंप्याचं घर जाणार. त्यानं आरडाओरडा केला नाही. शिलाई मशीन टेकडीवर चढवायचं कसं, एवढंच विचारलं.

काम तसं सोपं होतं. खाडीचं पाणी दर उधाणाला वर चढत चाललं होतं. पूर्वी पावसापाण्याचं यायचं. आता आभाळ निरभ्र असताना भरदुपारी गल्लीत शिरायचं आणि जाताना चपला घेऊन जायचं. सगळीकडचाच समुद्र वर येतोय म्हणे. आजची पोरं म्हातारी होईतो पाणी कुठवर येईल, त्याची खूण कचेरीच्या लोकांनी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर केली होती. तीच खूण घरोघर न्यायची होती. ज्याचा उंबरा रेघेखाली, त्याला टेकडीवर नवं घर. ज्याचा वर, त्यानं खुशाल राहावं.

इंजिनीअर बाईंकडे यंत्र होतं, पण गल्ली इतकी चिंचोळी आणि वाकडी, की यंत्राला कोपऱ्यापलीकडचं दिसेना. म्हणून गवंड्याची नळी आली. पाणी भरलेली साधी पारदर्शक नळी. एक टोक बाईंनी खांबापाशी धरायचं, दुसरं यानं भिंतीपाशी. दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीला येतं. चालताना सांडू नये म्हणून तोंडावर अंगठा ठेवायचा, आणि मापताना तो काढायचा. एवढंच त्यातलं शास्त्र.

बहीण दारातच उभी होती. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची, आणि जरा दबकूनच म्हणायची. कचेरीतल्या बैठकीत साहेबांनी तापमान, निधी, योजना असं पुष्कळ काही सांगितलं, तेव्हा हिनंच उठून विचारलं होतं, की समुद्र काय आमच्या चुलींवर तापला? ज्यांनी तापवला त्यांना हलवा की आधी. साहेब नुसतेच पाणी प्यायले. तेव्हापासून गल्लीची खात्री होती, की ताई हलत नाही तोवर कुणीच हलत नाही.

घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. तेही गवंडीच. साऱ्या गल्लीत उंच जोतं त्यांनी घातलं, तेव्हा लोक हसले होते, की हा माणूस आता शिडी लावून घरात जाणार. नवरा गेल्यावर ताई परत आली ती याच घरात. मुलगी तिनं इथेच वाढवली, आणि आता मुलीची मुलगी आतल्या खोलीत सतरंजीवर झोपली होती. सकाळी चहा देताना ताईनं भावाला बजावलं होतं, की इथून ती काही उभी जाणार नाही, न्यायचीच असेल तर आडवी न्या. मग स्वतःचा चहा तसाच ठेवून ती आत निघून गेली होती. तेव्हापासून त्याचं कामात लक्ष नव्हतं.

शिंप्याच्या रेघेवरून त्याला नजरेनंच कळून चुकलं होतं. जोतं उंच होतं, पण पुरेसं नव्हतं. चार बोटं कमी पडणार होती. फक्त चार बोटं! याहून मोठ्या चुका त्यानं जन्मभर गिलाव्याखाली झाकल्या होत्या, आणि त्या भिंती अजून उभ्या होत्या.

तो उंबऱ्यापाशी उकिडवा बसला. कोपऱ्याआडून बाईंची हाक आली, की इकडे पाणी खुणेला लागलंय. त्यानं हो म्हटलं, पण अंगठा काढला नाही. तोंड बंद असलं की नळीतलं पाणी जागचं हलत नाही. हात नेईल तिकडे ते निमूट जातं. त्यानं नळी अलगद खाली घेतली. पाणी उंबऱ्याच्या खाली येऊन थांबलं. दुसऱ्या हातानं त्यानं रंगाचा ब्रश उचलला.

ताई त्याच्या हाताकडे बघत होती. वडिलांच्या नळीचं दुसरं टोक लहानपणी तीच धरायची. हा तेव्हा रांगत होता.

"अंगठा काढ," ती म्हणाली. कोपऱ्यापलीकडे ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

त्यानं मान वर केली नाही.

"राहू दे ना ताई. कुणाला कळतंय?"

"मला कळलं ना."

"मग तू काय ते आडवी-उभी म्हणत होतीस सकाळी?"

ताईनं वळून आत पाहिलं. झोपेत कूस बदलून नात सतरंजीवरून घरंगळली होती आणि उघड्या फरशीवर गाल टेकून झोपली होती.

"ती जमिनीवर झोपते रे," ताई म्हणाली.

गवंड्यानं अंगठा काढला. पाणी सरकन वर चढलं. तिकडून बाई ओरडल्या, की इकडचं खाली गेलं, थांबा, परत लावते. दोघं थांबले. पाणी जरा खाली-वर झालं आणि उंबऱ्याच्या वर जाऊन स्थिरावलं. बरोबर चार बोटं.

त्याच्यानं ब्रश भिंतीला लाववेना. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. ताईनं ब्रश त्याच्याकडून काढून घेतला आणि डावीकडून उजवीकडे, न थांबता, वडील ओढायचे तशी एका दमात रेघ ओढली. मग ब्रश डब्यात ठेवून ती शिंप्याकडे वळली.

"मशीन एकट्यानं उचलायला जाऊ नका," ती म्हणाली. "माझं सामान निघेल ना, त्याच गाडीत टाकू."