साहेबाच्या परीक्षेतली कॉपी

आमचा साहेब म्हणजे कुत्रा, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षं तो बाबांच्या टेबलाखाली पाय पसरून लोळला, आणि बाबा, अख्ख्या गल्लीचे शिंपी, अंग चोरून कापड बेतत राहिले. या हिवाळ्यात त्याचे मागचे पाय जड झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजार काही नाही, वय झालंय. आपण होऊन उठला, जेवला, शेपूट हलवली, तर कॅलेंडरवर बरोबरची खूण करा. नाहीतर फुली. फुल्या वाढल्या की समजायचं."

महिनाभरात एकही फुली नाही! आनंदाने मला वेड लागायची पाळी आली. म्हणजे, शेपटीचं मला थोडं ठाऊक होतं. बाबांच्या रिळाचा काळा दोरा शेपटीला बांधून मीच सोफ्यामागून ओढत होते. पण उठणं आणि जेवणं तर खरं होतं ना? तिनातले दोन काय थोडे झाले?

महिना संपला तशा डॉक्टरबाई आल्या, त्याही न कळवता, भर दुपारी. साहेब घोरत पडला होता. कॅलेंडर बघून त्या म्हणाल्या, "वा! मग उठवा बघू."

"जरा खिडकीबाहेर बघता का?" बाबा म्हणाले.

"बाहेर काय बघायचंय, आधी चहा सांगा ना, साखर किती?" आई म्हणाली. मी गुपचूप सोफ्यामागे सटकले.

खिडकीकडे बघायला बाईंची पाठ वळते न वळते तोच बाबांनी टेबलाखालून एक रुंद पट्टा काढला, अस्तर लावलेला, दुहेरी शिलाईचा, आणि साहेबाला उचलायला त्याच्या पोटाखाली सारला. आईने पदराआडून कालवलेला घास काढून त्याच्या तोंडाशी नेला. मी घाईघाईत दोरा ओढला, तो पट्ट्यात अडकला आणि शेपूट झेंड्यासारखी ताठ उभी राहिली. साहेब घोरतच होता.

"झोपेतही इतका खूश?" डॉक्टरबाईंनी वळून विचारलं.

आई दोऱ्याकडे बघत होती, मी पट्ट्याकडे, बाबा आईच्या हातातल्या घासाकडे. तिघंही चोर, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच. आधी आईला हसू फुटलं, मग मी हसून हसून जमिनीवरच बसले.

"परीक्षा त्याची आणि कॉपी तुमची!" डॉक्टरबाई डोळे पुसत म्हणाल्या. साहेबाच्या छातीवर हात ठेवून त्यांनी ठोके मोजले. "पण दमतोय हो तो. काही मोडलेलं नाही त्याचं. उठायचं संपलंय, इतकंच. झोपू द्या, तोंड ओलं करत राहा. दुखायला लागलं तर मी आहेच."

त्यानंतर आम्ही तिघांनी जमिनीवरच गाद्या टाकल्या. कामं गेली खड्ड्यात. दिवसभर साहेबाची कुलंगडी निघत होती आणि आम्ही खिदळत होतो. इतकं हलकं वाटत होतं की लाज वाटावी.

चौथ्या दिवशी साहेबाशेजारी उन्हात बसून बाबा सांगत होते, साहेबाने एका नवरदेवाची नवीकोरी पॅन्ट गुडघ्यापर्यंत कशी चावून ठेवली होती. बाबांचा आवाज चढला तसे साहेबाने डोळे उघडले. पुढचे पंजे जमिनीवर रोवले. बाबा बोलावताहेत असं वाटून तो खरोखरच उठायला बघत होता.

आमचं हसू जागच्या जागी थांबलं. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"नको रे राजा. नाही उठलास तरी चालेल."

साहेबाने मान टेकली आणि लांब श्वास सोडला. दुसरा आलाच नाही. बाबांनी हात काढला नाही. पॅन्टचा किस्सा अर्धा राहिला होता, तो त्यांनी त्याला शेवटपर्यंत सांगितला.