त्सोलरांच्या मुठीतला दाणा

ग्राफेनबाखच्या नगराध्यक्षांना, एबरहार्ड त्सोलर यांना, गावात कुणी चांगलं म्हणत नसे. त्यांनाही गावात कुणी चांगलं दिसत नसे, त्यामुळे फिट्टंफाट होती. ज्याला घर नाही, दुकान नाही, त्याला लग्नासाठी नगरसभेची परवानगी लागे. असा कुणी आला की त्सोलर त्याला ताटकळत ठेवत आणि मग एकच विचारत, "तुझी चूल कुठाय?" चूल नसलेले लोक हात हलवत परत जात आणि बिनलग्नाची पोरं वाढवत. परगावच्या कारागिराला नगरसभेच्या मंजुरीशिवाय गावात थारा द्यायचा नाही, हा ठरावही याच गृहस्थांचा.

आणि त्यांच्या रेगीनाने नेमका परगावचा खोगीर शिवणारा पसंत केला. वर तिला दिवस गेलेले. त्सोलरांचा कातडी कमावण्याचा धंदा जोरात होता, जावयाला द्यायला घर होतं, सगळं होतं. अडलं होतं ते फक्त नगरसभेपाशी.

घरचा विषय निघाला की अध्यक्षाने बाहेर जायचं, असा रिवाज. रेगीनाचा अर्ज निघाला तसे त्सोलर सभेबाहेरच्या बाकावर येऊन बसले. तिथे धोबीण वालबुर्गा मांडीवर पोर घेऊन आधीच बसली होती. एका गवंड्याशी लग्न करायला ती पुन्हा अर्ज घेऊन आली होती.

"बसा, बसा," ती म्हणाली. "बाक गरम करूनच ठेवलाय मी. वर्षानुवर्षं हेच करतेय."

"तोंड सांभाळ."

"सांभाळते. पण एक सांगा साहेब, माझ्या पोराच्या नावापुढे पाद्रीबाबांनी बापाचं नाव घातलं नाही. तुमच्या नातवाच्या नावापुढे काय घालणार? कातडं?"

त्सोलरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात दार उघडून नगरसभेतला गिरणीवाला होर्नुंग डोकावला. दोघे एका शाळेत होते आणि तेव्हापासून एकमेकांना पाण्यात पाहत होते.

"आत ये एबरहार्ड. आधी वालबुर्गाचं उरकू, मग तुझ्या पोरीचं."

मतदान घेवड्याच्या दाण्यांनी होई. प्रत्येकाला एक पांढरा, एक काळा. पांढरा म्हणजे होकार. एक दाणा तांब्याच्या हंडीत टाकायचा, दुसरा मुठीत राही. सभासदांचे दाणे पडले. होर्नुंगने हंडी उपडी केली. चार पांढरे, चार काळे.

"आता तुझ्यावर आलं," होर्नुंग मिशीत हसत म्हणाला. "तिला दे, म्हणजे आम्ही तुझीला देऊ. सरळ आहे ना?"

सरळच होतं. एक दाणा टाकायचा, की लेकीची अब्रू वाचणार होती. त्सोलरांनी सगळ्यांची तोंडं पाहिली. लोहार, बेकरीवाला, खाटीक, सगळे आपल्याला वाकताना बघायला टपलेले. आज हो म्हटलं, तर आजवर परत पाठवलेले सगळे उद्या दारात उभे राहून विचारतील, मग आम्हालाच का नाही? त्यांना रेगीना आठवली. लहानपणी ती त्यांच्या बुटात पाय घालून घरभर फिरायची. तरीही होर्नुंगचं ते हसू त्यांना सहन होईना.

त्यांनी काळा दाणा टाकला.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले.

होर्नुंगचं हसू मावळलं. "नियमच हवा ना तुला? मग हो बाहेर."

बाहेर रेगीना येऊन बसली होती. घरी तिला राहवलं नव्हतं. आत हंडीत दाणे टपटप पडू लागले. मग खुर्च्या सरकल्या आणि होर्नुंग दारात आला.

"सगळे काळे," तो म्हणाला. "धोबिणीचाही अर्ज नामंजूर. तिचा आपल्या अध्यक्षांच्या एका मताने गेला. हो म्हटलं असतं, तर दोघींचं जमत होतं."

रेगीनाने बापाकडे पाहिलं. त्यांची मूठ अजून मिटलेली होती. तिने एकेक बोट सोडवलं. आत पांढरा दाणा होता, घामाने ओला झालेला.

"हा होता तुमच्याकडे, बाबा?"

त्सोलरांनी मूठ पुन्हा मिटली.

"घरी चल," ते एवढंच म्हणाले.

रेगीना उठली नाही. वालबुर्गाने पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि बाकावर सरकून तिला नीट जागा करून दिली.