सहावे नाव

मित्रांनो, कुस्ती म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर लाल माती येत असेल. मी मात्र मातीची नाही. मी फोमची, वरून पिवळे-निळे रेक्झिन चढवलेली आणि मधोमध लाल वर्तुळ असलेली कुस्तीची एक जुनी मॅट आहे. मेरठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. २०१२ साली मी जहाजाने मस्कतला आले. तिथून शहराच्या अल हैल भागातल्या एका खासगी कॉलेजात, कँटीनमागच्या हॉलमध्ये मला अंथरण्यात आले.

मला आणण्याचा हट्ट धनंजय सरांचा. मुले त्यांना सर म्हणत, पण ते काही पगारी प्रशिक्षक नव्हते. कॉलेजच्या देखभाल विभागात ते नळ आणि दिवे दुरुस्त करत. तरुणपणी शिराळ्याकडच्या जत्रांत त्यांनी बऱ्याच कुस्त्या मारल्या होत्या. संध्याकाळी पाच वाजले की हातातला पाना ठेवून ते माझ्याकडे येत. माझ्यासाठी त्यांनी दोन वर्षे अर्ज केले होते.

पहिल्या वर्षी चौदा मुले आली. कुणी केरळची, कुणी रत्नागिरीची, चारजण ओमानी. दोन जोड्या माझ्यावर झुंजत आणि बाकीचे कडेला उभे राहून आपली पाळी कधी येते याची वाट पाहत. त्यांच्या घामाने मी रोज ओली होई. वार्षिक समारंभात पाहुण्यांनी माझ्यावर उभे राहून फोटो काढले आणि अशी मॅट दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात नाही, असे भाषणात सांगितले. मला फार अभिमान वाटला.

पण कॉलेजची फी दर वर्षी वाढत होती. पुढे तेलाचे भाव पडले आणि कंपन्यांनी माणसे कमी करायला सुरुवात केली. वडिलांची नोकरी गेली की मुलगा कॉलेज सोडी. एकाने पुण्यात प्रवेश घेतला, कारण तिथली फी आणि राहण्याचा खर्च मिळूनही इथल्यापेक्षा स्वस्त पडत होते. एकाचे अख्खे कुटुंब आठवडाभरात सामान बांधून केरळला गेले. कुणी जाताना सरांच्या पाया पडले, कुणी नुसतेच यायचे थांबले. चौदाचे नऊ झाले, नवाचे सहा.

सहा मुले म्हणजे काही थोडी नव्हेत, असे तुम्हाला वाटेल. पण ती सहा वेगवेगळ्या वजनांची होती. सर्वांत हलका जहूर, सत्तावन्न किलोचा, आणि त्याच्या लगेच वरचा अम्मार ऐंशीच्या पुढे. कुस्तीला जोड लागते. अम्मार अंगावर पडला की जहूरचा श्वास कोंडे. शेवटी सर स्वतःच जहूरशी लढू लागले. त्यांचे वय त्रेचाळीस आणि उजवा गुडघा दुखरा. ते खाली बसताना आधी डाव्या हाताने मला चाचपत, मगच गुडघा टेकत.

पुढच्या वर्षी ओमानच्या दुसऱ्या टोकाला, सलालाहला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाल्या. बसने बारा तासांचा प्रवास करून सगळे गेले. जहूर अंतिम फेरीत पोहोचला आणि हरला. परत आल्यावर माझ्यावर बसून सरांनी त्याला समजावले की चूक त्याची नव्हती. समोरचा मुलगा त्याच्याच वजनाचा आणि चपळ होता. जहूरच्या अंगाला मात्र एका वयस्कर माणसाच्या संथ हालचालींची सवय जडली होती. सर डाव टाकायला जेवढा वेळ घेत, तेवढा वेळ तो थांबला आणि तेवढ्यात खेळ संपला.

२०१६ साली कॉलेजने नवा नियम काढला. ज्या खेळाच्या यादीत सहा नावे नसतील, तो खेळ बंद. कुस्तीच्या यादीत सहाच नावे होती आणि सहावे नाव जहूरचे होते.

त्याच उन्हाळ्यात जहूरच्या वडिलांची, हुसैनमियाँची नोकरी गेली. वीस वर्षे ज्या कंपनीचे गोदाम त्यांनी सांभाळले, ती कंपनीच गुंडाळली गेली. ते एका नातेवाइकाच्या दुकानात काम करू लागले. त्यांची दोन्ही मुले याच कॉलेजात होती. जहूरची दोन वर्षे बाकी होती आणि त्याच्या मोठ्या बहिणीचे, सुरैयाचे, एकच. फी भरता येणार होती ती एकाचीच. जहूरने घरी आपणहून सांगितले होते की मी सोडतो. पण वडिलांचे मन मुलाकडे ओढत होते.

एका शनिवारी दुपारी ते हॉलमध्ये आले. चपला काढून ते माझ्या कडेला सरांशेजारी बसले.

"सर, तुमी खरा सांगा," ते म्हणाले. "या कुस्तीत माझ्या पोराचा काय भला होईल? स्कॉलरशिप, नोकरी, कायतरी? तुमी हो म्हटलात, तर मी जहूरची फी भरतो. सुरैयाला गावाला पाठवतो. तिचा लग्न लावून देऊ."

सरांचा तळवा माझ्यावर टेकलेला होता. एक होकार दिला असता, तर यादी पूर्ण राहिली असती आणि मीही राहिले असते. मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. त्यांनी हो म्हणावे, असे मला वाटत होते.

"काही होणार नाही, हुसैनभाई," सर म्हणाले. "पोरगा गुणी आहे. पण इथं त्याला जोड नाही. मी आहे, आणि माझा गुडघा आता वर्षभरही टिकायचा नाही. स्कॉलरशिप कुणी देत नाही. पोरीला शिकू द्या."

"आणि तुमचा क्लब?"

"ते माझं मी बघतो."

हुसैनमियाँ उठले. चपला पायात सरकवून ते गेले.

जहूर आणखी एकदा आला. दोघे लढले. त्याने खाली वाकून सरांच्या पायांना मिठी घातली, पट धरला, पण गुडघ्याकडे पाहून तो तसाच थांबला. "काढ," सर म्हणाले. त्याने पट काढला. सर माझ्यावर पाठीवर पडले. मग जहूरने त्यांना हात देऊन उठवले. त्याने बादली आणली, मला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसले आणि तो गेला.

पाच नावांची यादी ऑफिसात गेली. एका ओळीच्या पत्राने कुस्ती बंद झाली. जहूर मस्कतमधल्याच कुरुम भागातल्या एका मोबाइलच्या दुकानात लागला. पुढच्या वर्षी सुरैया पहिल्या वर्गात पास झाली आणि हलव्याचा डबा घेऊन सरांना भेटायला आली. पण तिला नोकरी मिळत नव्हती आणि तिच्या अब्बांचा व्हिसा संपत आला होता. सगळे रत्नागिरीला परतणार होते. सरांनी जहूरची चौकशी केली. तो कुस्तीचे नाव काढत नाही, असे तिने सांगितले. सर म्हणाले, बरे करतो.

कुस्ती बंद झाल्यापासून मी पंपाच्या खोलीत गुंडाळून उभी होते. तिथल्या ओलीने माझा फोम कुजू लागला. २०१८ साली वरून हुकूम आला की गच्चीवरच्या एसी यंत्रांची थरथर कमी करण्यासाठी माझे तुकडे करून त्यांच्याखाली घालावेत. काम देखभाल विभागाचे, म्हणून सुरी सरांच्याच हाती आली. त्यांनी नीट मापे घेतली. माझ्या मधोमधचे लाल वर्तुळ त्यांनी शेवटपर्यंत ठेवले. पण यंत्रे बारा होती आणि तुकडे अकराच झाले होते. मग बाराव्यासाठी त्यांनी ते वर्तुळही कापले.

आता मी उन्हात आहे. रेक्झिन तडकले आहे. माझ्या प्रत्येक तुकड्यावर एक यंत्र दिवसभर घरघरते. इथे कुणी येत नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी आता काही करता येण्यासारखे नाही. पण तुमच्या शाळेत, कॉलेजात एखादी मॅट गुंडाळून ठेवलेली असेल, तर ती पुसा आणि अंथरा. आणि तिच्या कडेला कुणी मुलगा एकटाच बुटांच्या नाड्या बांधत बसलेला दिसला, तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहा. तुम्हाला कुस्ती येत नसली तरी चालेल.