डोरीनच्या मानेचा भाव

एकवीस वर्षं डोरीन पाविक अमेरिकेतल्या टोलेडो शहरात लोकांच्या तोंडात वाकून त्यांचे दात साफ करत आली, आणि त्यापायी तिच्या मानेच्या मणक्यांमधल्या दोन चकत्या झिजल्या. आता उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली होती. मागच्या मंगळवारी हत्यार हिरडीत रुतलं, पेशंट ओरडला, आणि हिला पत्ताच नाही. बोटं गेली की नोकरी गेली, आणि या देशात नोकरी गेली की विमाही जातो.

सर्जन डॉ. हद्दाद म्हणत होते, कृत्रिम चकत्या बसवू, मान वळत राहील. विमा कंपनी म्हणत होती, मणके एकमेकांना जोडून टाका, स्वस्तात पडतं. अशा वेळी सर्जनने कंपनीच्या डॉक्टरशी फोनवर दहा मिनिटं भांडायचं, ही इथली रीत. पेशंटने तिथे नसायचं असतं. पण हद्दादना आपली मर्दुमकी दाखवायची हौस. त्यांनी डोरीनला समोर बसवलं, गप्प राहायला बजावलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

पलीकडे कंपनीचे डॉ. स्ट्रँड. आजवर किती मानांची ऑपरेशनं केलीत, असं हद्दादनी खोचकपणे विचारलं. आपण मुलांचे डॉक्टर होतो, पण आकडे वाचता येतात, असं स्ट्रँड थंडपणे म्हणाले. कृत्रिम चकती आधी महाग पडते, पण पुढची ऑपरेशनं टळून पाचेक वर्षांत पैसे वसूल होतात, हेही त्यांनी कबूल केलं.

"मग घोडं अडलंय कुठे?"

"आमच्याकडे माणूस टिकतो सरासरी तीन वर्षं. झाड आम्ही लावायचं आणि फळं पुढच्या कंपनीने खायची?"

डोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हद्दाद स्ट्रँडना कारकुंडा म्हणाले. त्यावर स्ट्रँडचा आवाज जराही चढला नाही.

"चकत्या बनवणाऱ्यांनी गेल्या वर्षी तुम्हाला एक्केचाळीस हजार डॉलर दिले. सरकारी यादीत आहे, कुणीही बघावं. पेशंटला सांगितलंत?"

"ती भाषणांची फी होती," हद्दाद म्हणाले. फोनला नाही, डोरीनला.

म्हणजे दोघेही आपापली पोळी भाजून घेत होते, आणि तवा हिच्या मानेचा. निर्णय मान्य नसेल तर अपील करा, साठ दिवस लागतील, असं स्ट्रँड सांगत होते, तेवढ्यात ती बोलली.

"माझी बोटं साठ दिवस थांबणार नाहीत. जोडा मणके."

"कोण बोलतंय?"

"जिच्या मानेचा भाव करताय, ती. एकवीस वर्षं तुमच्याच कंपनीचा विमा आहे माझा, पुढेही राहणार. मणके जोडले की ताण वरच्या चकतीवर येतो. ती गेली की पुढच्या ऑपरेशनच्या खर्चाचं पत्र तुमच्या नावाने येईल, स्ट्रँड."

मंजुरी नोंदवली आहे, एवढं बोलून स्ट्रँडनी फोन ठेवला. हद्दादनी लगेच कॅलेंडर उघडलं आणि पुढचा गुरुवार मोकळा आहे म्हणाले.

डोरीनने कोट चढवला. "माझ्या एमआरआयची सीडी द्या. मणके जोडायचेच असतील तर दुसरं कुणीही जोडेल."

त्यांनी फीचं पुराण पुन्हा सुरू केलं. सीडी हातात पडेपर्यंत ती दारातून हलली नाही.